सोयऱ्याची हरकत

१४ मे, रविवार

आज मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, शेवटी मी देवळात उभा राहून ओटमारच्या गुरुदीक्षेला हरकत घेतली. लोक हसून हसून बाकांवरून पडायच्या बेताला आले. बाक माझ्याच हातचे आहेत, त्यामुळे मोडले नाहीत.

झालं ते असं. फादर ब्याबातोंनी आल्तारावरून सूचना वाचली, की आपल्या गावचा डीकन, म्हणजे धर्मगुरू व्हायला एकच पायरी उरलेला, ओटमार न्गोन्यानी याला सहा जुलैला इथेच, शाळेच्या मैदानात, बिशपांच्या हस्ते गुरुदीक्षा मिळणार आहे. त्यात कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्याने विवेकाला स्मरून सांगावं. अशी सूचना तीन रविवार वाचतात आणि तिन्ही रविवार कोणी काही सांगत नाही. पण मी हेहे जमातीचा, आणि हे गाव न्गोनींचं. आमच्या पणजोबांनी एकमेकांची मुंडकी कापली आणि दमल्यावर थट्टेची सोयरीक केली. तेव्हापासून हेह्याने न्गोनीला आणि न्गोनीने हेह्याला वाटेल ते बोलावं, ऐकणाऱ्याने रागवायचं नाही, असा करार आहे. देवळाचं छप्पर घालायला म्हणून मी या गावात आलो, त्याला तेहतीस वर्षं झाली. अशा सूचनेला मी गप्प बसलो असतो तर लोकांना वाटलं असतं, म्हाताऱ्याला ताप आहे.

तेव्हा उठलो आणि म्हणालो, "फादर, माझी हरकत आहे. हा पोरगा स्वतःच्या पायांनी आल्तारापाशी येत नाहीये. ह्याच्या आईने ह्याला दावं लावून आणलाय. बाईला विचारल्याशिवाय न्गोनी पुरुष साधा शिंकत नाही, हा कसला देवाला हो म्हणतोय?"

ओटमार डीकनच्या झग्यात आल्तारापाशीच उभा होता. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या बाकावर त्याची आई ओस्ताकिया होती. एरवी या बाईची जीभ माझ्या रंध्यापेक्षा धारदार. आज ती प्रार्थनेचं पुस्तक उघडून त्यात बघत बसली. माझा डाव सरस झाला, दुसरं काय.

नंतर फादरांनी मला कचेरीत बोलावलं. हे फादर जानेवारीतच आले, मोठ्या सरोवराकडचे, रोमला जाऊन धर्माचा कायदा शिकलेले. मी बोललो ते शब्द न शब्द त्यांनी कागदावर उतरवले. "स्वतःच्या पायांनी" लिहिताना पेन थांबलं. "हेच म्हणालात ना?" हेच म्हणालो. "सही करा." मी झोकात सही केली : बोनिफास किकोती, सुतार, हेहे, सत्यवक्ता.

बायको, युस्तिना, असती तर घरी आल्याआल्या म्हणाली असती, "तुमच्या जिभेला हाड नाही." ती गेल्यापासून हे सगळं या वहीला सांगतो. वही उलट बोलत नाही एवढंच.

१९ मे

मैदानातलं व्यासपीठ करायचं काम मला मिळालं. आमच्या गावचा ओटमार आणि डोंगरापलीकडचे दोघे, असे तिघे दीक्षेच्या विधीत देवापुढे त्यावर पालथे पडणार. मापं घेतली. ओटमार तिघांत उंच.

२५ मे

उचलली जीभ लावली टाळ्याला, याचं फळ आज आलं. सोंगेयाहून बिशपांच्या कचेरीचं पत्र आलंय : हरकतीची चौकशी होईपर्यंत ओटमारची दीक्षा स्थगित. इतर दोघांची होईल.

सकाळपासून अर्धं गाव माझ्या पडवीत. कोणी रागावू शकत नाही, कारण करार. मग सगळे हसतात, आणि हसताना दात जरा जास्तच दिसतात. ओटमारच्या चुलत्याने तर सांगितलं, "सोयऱ्या, आम्ही जेवणावळीसाठी दोन बैल बांधलेत. ओटमार नाही चढला व्यासपीठावर, तर बैलांच्या जागी तू आहेस."

मी फादरांकडे गेलो. म्हटलं, "फादर, ही आमची थट्टा असते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"आमच्या सरोवराकडेही अशी नाती आहेत, किकोती. लग्नात करा, मयताला करा. पण इथे चर्चने प्रश्न विचारला होता आणि तुम्ही उत्तर दिलंत. मी विचारताना थट्टा करत नव्हतो."

"मग मी मागे घेतो."

"इथे नाही. सोंगेयाला जाऊन, शपथेवर."

म्हटलं, दुसरं काही बोललो असतो तर? समजा म्हणालो असतो की याने माझी बकरी चोरली? फादर म्हणाले, "मग मीही हसलो असतो. बकरी चोरून धर्मगुरू होता येतं. दावं लावून होता येत नाही. कायद्याने तर बिलकूल नाही."

शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये.

२८ मे

ओस्ताकिया आली. कोंबडी घेऊन आली, पण कोंबडीला बोलावं तसं मला बोलली. ती रागावली होती. खरीखुरी. तेहतीस वर्षांत हे झालेलं नाही.

"तुला दुसरं काही सुचलं नाही का रे, कुत्रेखाऊ? माझी चार पोरं त्या टेकडीवर पुरलीयत. हा पाचवा जगला. तापाने फणफणला होता तेव्हा मी देवाला कबूल केलं होतं, वाचला तर तुझा. वाचला. मग मी काय करायचं होतं, देवाला फसवायचं?"

मी म्हटलं, "अगं, मी कुठे म्हणतोय फसव. आणि तू रागावतेस काय? करार मोडतेयस."

"त्याला विचारलंय मी. दर वर्षी विचारलंय. दर वर्षी हो म्हणालाय."

"मग झालं तर."

"झालंच आहे," ती म्हणाली. "तू सोंगेयाला जा आणि खोटं होतं म्हणून सांग." कोंबडी पायाशी टाकून गेली.

थट्टेवर रागावणं हा मोठा दोष. आमच्या हेह्यांत असं घडलं असतं तर दंड म्हणून बांबूच्या ताडीचा घडा घेतला असता. पण विधवा बाई, मुलाची काळजी, मी सोडून दिलं. कोंबडी अंड्यावरची निघाली, कापणार नाही.

३ जून

इथली जूनची थंडी पडलीय. संध्याकाळी ओटमार आला. मी व्यासपीठाच्या फळ्या रंधत होतो. त्याने दुसरा रंधा उचलला आणि तासभर फळी रंधली. लहान असताना शाळा सुटली की इथेच असायचा. हात चांगला आहे त्याचा, रेघ ओळखतो. मी त्याला म्हटलंसुद्धा, "तू डीकनचा झगा घातलास आणि मी एक बरा सुतार गमावला."

तो म्हणाला, "सोयऱ्या, त्या दिवशी तू काही पाहून बोललास, की नुसताच बोललास?"

"नुसताच. न्गोनींबद्दल काही पाहायची गरज काय?"

त्याने रंधा थांबवला, मग परत सुरू केला. फळी आधीच गुळगुळीत झाली होती. मी थांबवलं नसतं तर तिचा कागद झाला असता.

जाताना म्हणाला, "चौकशीत मलाही लेखी विचारलं. मी 'तक्रार नाही' असं लिहून दिलं. आई कंदील धरून शेजारी उभी होती." मी म्हटलं, बरं झालं, डोळे तुझे लहानपणापासून कच्चे.

९ जून

ओटमार पुन्हा. दारातच उभा राहिला. म्हणाला, "शपथ घ्यायला जाशील तेव्हा हरकत मागे घे. पण ती खोटी होती, अशी शपथ घेऊ नकोस."

विचारलं, का रे? तर म्हणे, शपथ मोठी गोष्ट असते.

या सेमिनरीवाल्यांना शपथेचा फार बाऊ. माझा आत्मा माझ्याजवळ सुरक्षित आहे, तू तुझा सांभाळ, असं सांगून त्याला वाटेला लावलं. रात्री मात्र झोप लागली नाही. घेवडा जड झाला असावा.

१५ जून

सोंगेया. पहाटेची बस, दोन तास, शेजारी मक्याचं पोतं.

बिशपांचे चौकशी-अधिकारी म्हातारे मोन्सिन्योर, म्हणजे वरच्या मानाचे धर्मगुरू, निघाले, कानाने जरा कमी. टेबलावर शुभवर्तमानाचं पुस्तक. हात ठेवायला सांगितलं. मी सगळं सांगितलं : हेहे, न्गोनी, मुंडकी, थट्टा. ते हसले. म्हणाले, त्यांचाही एक हेहे सोयरा होता, त्यांच्या आईच्या मयतात त्याने शवपेटीवर बसून जागाभाडं मागितलं होतं. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी चष्मा लावला. "तुम्ही थट्टेने बोललात हे लिहिलं. आता सांगा, जे बोललात ते खोटं आहे?"

"थट्टेने बोललो."

"कसं बोललात ते विचारत नाहीये. ते खोटं आहे का, हे विचारतोय."

मला ती कागदासारखी झालेली फळी आठवली. का आठवली कोण जाणे. दोन बैल आठवले, व्यासपीठाचे बाकी राहिलेले खिळे आठवले, ओस्ताकियाच्या चार कबरी आठवल्या. बाहेर ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. दुसरी बस उद्या.

म्हणालो, "खोटं आहे."

"शपथेवर?"

"शपथेवर."

परत येताना खिडकीशी जागा मिळाली. सगळी शेतं कापून झालीयत. काम फत्ते केलं तरी तोंडाला चव नव्हती.

२२ जून

स्थगिती उठली. देवळाची घंटा वाजवली. ओस्ताकियाने मला रस्त्यात गाठून मनसोक्त शिव्या दिल्या, जुन्या पद्धतीने, हसत हसत. लाकूडचोर म्हणाली, विधुर घुबड म्हणाली. बरं वाटलं. गाव जागेवर आलं.

ओटमार बातमी ऐकायला चौकात नव्हता. नदीवर गेला होता म्हणे, एकटाच.

१ जुलै

व्यासपीठ उभं केलं. वर उड्या मारून पाहिल्या. हत्ती चढला तरी हलणार नाही. ओटमार लांब उभा राहून बघत होता. हाक मारली तर हात हलवला आणि गेला. दीक्षेआधी मुलं अशीच होतात, असं मास्तर विगबर्ट म्हणाले. मास्तर आमचे धर्मशिक्षक, त्यांनी अकरा दीक्षा पाहिल्यात. मी विचारलं, अकराही जण असेच होते? ते बोटांवर मोजून म्हणाले, "नाही. बरेचसे जेवायचे."

६ जुलै

क्रमाने लिहितो.

दीक्षेच्या सकाळी मुलगा आईच्या घरून मिरवत मैदानाकडे निघतो. वाटेत थट्टेच्या सोयऱ्यांनी झाडाचं खोड आडवं टाकायचं, हा आमचा हक्क. जाणाऱ्याला तीनदा प्रश्न विचारून अडवायचं, घरच्यांनी टोमण्यांनी उत्तर द्यायचं, कोंबडा द्यायचा, मग खोड बाजूला. गावात हेह्यांची चार घरं. चारही घरांनी मिळून पहाटे खोड आणलं. मी खोडापाशी उभा.

मिरवणूक आली. ढोल, बायकांच्या आरोळ्या, ओस्ताकिया नवा रंगीत कांगा अंगाभोवती गुंडाळून पुढे नाचत. मधे ओटमार, पांढरा झगा, हात जोडलेले.

मी विचारलं, "कुठे निघालास रे?"

ओस्ताकिया म्हणाली, "तुझ्या बापाच्या दुसऱ्या लग्नाला." लोक हसले.

"कोणी धाडलं?"

"देवाने धाडलं. कोंबडा घे आणि हो बाजूला." कोंबडा माझ्या हातात आला.

तिसऱ्यांदा विचारायचं ते नावाला. मी खोडाला हात घालायला वाकलो. ओटमारही पुढे झाला होता, त्याने खोडावर पाय ठेवला. कोणाला ऐकू जाणार नाही असं तो म्हणाला, "सोयऱ्या, यंदा खोड फार हलकं आणलंत."

मी वाकलेलाच राहिलो. तेव्हा मला कळलं. आणि हेही कळलं, की सोंगेयाला पुस्तकावर हात होता तेव्हाही मला हे कळलेलं होतं. मला माझी लाज वाटली, एवढी लाज युस्तिनासमोरही कधी वाटली नव्हती.

मी कोंबडा ओटमारच्या चुलत्याच्या हातात परत दिला आणि खोडावर बसलो.

"कोंबडा लहान आहे," म्हटलं.

लोक खूश. बकरा आणला. "बकरा लंगडतोय." खरं तर लंगडत नव्हता. ताडीचा घडा आणला. "घडा गळतोय." आधी हसू, मग थोडं हसू, मग कोणी तरी म्हणालं, "हेह्या, पुरे आता." पण म्हणताना रागावता येत नव्हतं, आणि मी कराराच्या त्याच भिंतीला पाठ लावून बसलो होतो. त्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं, खुद्द बिशपांनाही नाही.

अर्ध्या तासाने फादर ब्याबातो मैदानातून चालत आले, अंगावर सणाची वस्त्रं, झग्याला धूळ. "किकोती, बिशप थांबलेत."

"थांबू द्या. मी तिसऱ्यांदा विचारतोय, कोणी धाडलं. ज्याला विचारलं त्याने तोंड उघडलेलं नाही."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओटमारकडे. ओस्ताकिया बोलायला पुढे झाली तर तिला म्हणाले, "बाई, तुम्ही नाही." मग हा रोमला शिकलेला, कधी न हसणारा माणूस खोडाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला आणि हात बांधून वाट पाहू लागला. त्या दिवशी कचेरीतही तो असाच बसला होता. पूर्ण गावात माझं बोलणं खरं मानणारा तो एकटाच होता.

ओटमार म्हणाला, "मला आईने धाडलंय."

लोक मोठ्याने हसले. रीतच ती.

"तापातून उठलो तेव्हापासून धाडलंय," तो म्हणाला. "मला जायचं नाहीये."

ढोल एक एक करत थांबले. शेवटचा ढोलवाला पोरगा मागे होता, त्याला ऐकू गेलं नव्हतं, तो बराच वेळ वाजवत राहिला.

ओटमारने झगा डोक्यावरून काढला, नीट घडी घातली आणि फादरांच्या हातात दिला. फादर म्हणाले, "चल, आधी बिशपांना भेटू. मी येतो बरोबर." दोघं खोड ओलांडून गेले. ओस्ताकिया रस्त्यातच बसली. बायकांनी तिच्याभोवती कडं केलं. मी जवळ गेलो नाही, माझी हिंमत झाली नाही.

मैदानात दीक्षा दोघांची झाली. मी मागून पाहिली. व्यासपीठ तिघांच्या मापाचं होतं, दोघं जरा दूर दूर पडले.

७ जुलै

फादरांकडे पापनिवेदन केलं. खोटी शपथ घेतली म्हणून सांगितलं. प्रायश्चित्त कडक मिळालं, ते इथे लिहीत नाही. मग ते जाळीपलीकडून म्हणाले, "मीही त्याला कागदावर विचारलं. चालत जाऊन विचारायला हवं होतं. नदी काही लांब नाही." धर्मगुरूने असं सांगायचं असतं का, मला माहीत नाही.

१० जुलै

ओटमार बसने गेला. तूर्त एका मिशनशाळेत गणित शिकवेल. डीकनकीच्या शपथांचं काय करायचं ते रोमला लिहून विचारावं लागणार. वर्षं जातील, असं फादर म्हणतात. ओटमारने पिशवी टपावर टाकली आणि माझा हात हातात घेतला. जेवून निघाला होता. मिशांना भाजी लागलेली होती. आई पोचवायला आली नव्हती.

१६ जुलै, रविवार

मिस्सेनंतर ओस्ताकिया पडवीत आली. मी उठून उभा राहिलो. मनात म्हटलं, आता तोंड सोडेल, सोडू दे, मुसळ घेऊन आली असेल तरी चालेल. उत्तरंही तयार ठेवली होती.

ती पायरीखालीच थांबली. म्हणाली, "नमस्कार, किकोतीसाहेब. प्रकृती बरी आहे ना आपली?"

तेहतीस वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती. मला वाटलं, हाही एक डाव. मी म्हटलं, "काय गं न्गोनी म्हातारे, देवाने जीभ परत मागितली वाटतं?"

"दाराची बिजागरी सैल झालीय. सवड असेल तेव्हा पाहाल का? घाई नाही."

मी तिला चेटकीण म्हटलं. तिच्या नवऱ्याच्या पळपुट्या बापजाद्यांना नावं ठेवली. तिच्या स्वयंपाकाने कोल्हे मेले ती जुनी गोष्ट सांगितली, तिला ती आवडते. माझा आवाज चढत गेला. शेजारची पोरं जमली, हसायला तयार.

ती खांद्यावरचा कांगा सावरून शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "बरोबर आहे आपलं, साहेब," आणि निघून गेली.